ताईचा रंग उलट्या बाजूला जात नाही

आमच्या दुकानाच्या पाटीवर दोनच ओळी आहेत. वरची माझी: 'कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील.' खालची ताईची: 'कपड्यांवर हवं ते रंगवून मिळेल.' पाटी मी करून घेतली, म्हणून माझी ओळ वर. पण दारातून आत आलेला माणूस माझ्याकडे ढुंकूनही न बघता सरळ मागच्या खिडकीपाशी, ताईच्या टेबलाकडे जातो. मी मशीनवर बसलेला, तोंडात टाचण्या धरलेल्या, त्यामुळे काही बोलताही येत नाही. बावीस वर्षं हे चाललंय आणि अजून माझ्या अंगवळणी पडलेलं नाही.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. साठीला टेकली आहे. चष्मा केसांत खोचून ठेवते आणि तोच चष्मा दुकानभर शोधत फिरते. उजव्या हाताच्या नखांत कायम कुठला ना कुठला रंग असतो, त्यावरून काल तिने काय काढलं ते सांगता येतं. निळा असला तर मासे, हिरवा असला तर कुणाच्या तरी बाहीवर वेल चढली. स्वभावाचं म्हणाल, तर आपल्या कामाबद्दल शंका घेणं हे तिला माहीतच नाही. कुणी विचारलं, "ताई, जमेल ना हो?" की ती म्हणते, "न जमायला काय झालं?" मला हाच प्रश्न विचारला तर मी आधी तीन अडचणी सांगतो. आम्ही एकाच आईची मुलं आहोत हे लोकांना खरं वाटत नाही.

तिची कामाची पद्धत म्हणजे गिऱ्हाइकाची परीक्षाच. नवा कोरा कपडा आणला की तो आल्या पावली परत जातो. "आधी धुवून आणा. कापडातली खळ गेल्याशिवाय रंग आत धरत नाही, नुसता वर बसतो." धुवून आणला की तो अंगात घालायला लावते आणि विचारते, "हे घालून तुम्ही दिवसभर काय करणार?" मग ते करून दाखवायचं. एका भारदस्त वकीलबाईंना तिने दुकानाच्या मधोमध उकिडवं बसवलं होतं, कारण त्या खालच्या खणातून फायली काढतात. बाई बसल्या. कोर्टात भल्याभल्यांना घाम फोडणारी बाई, पण ताईपुढे निमूट बसली. जिथे जिथे चुणी पडली तिथे ताईने खडूने रेघ मारली. "पाठीवर घोडा काढायचा आणि तुम्ही वाकलात की त्याचे पाय मोडायचे, असं माझ्याकडे चालत नाही," ती म्हणाली.

आणि काम झालं की ती कपडा आधी उलटा करून दाखवते, सुलटा नंतर. हा तिचा खास दिमाख. कापडाखाली मेण लावलेला पुठ्ठा घालून, ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून, एकावर एक तीन पातळ हात ती देते. दोन हातांच्या मध्ये इतका वेळ थांबते की बघणाऱ्याचा जीव जावा. पण उलट्या बाजूला रंगाचा ठिपका सापडणार नाही. "माझा रंग उलट्या बाजूला जात नाही," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की टाचण्या तोंडात असतानाही ते तिच्याबरोबर मनातल्या मनात म्हणतो, आणि दर वेळी थोडा चिडतो.

हे सगळं सुरू झालं एका डागापासून. आमच्या वडिलांची लाँड्री होती. डाग निघाला नाही की ते दिवसभर जेवायचे नाहीत. एकदा शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचा पांढरा शर्ट आला, खिशाखाली शाईचा हा एवढा डाग. वडिलांनी तीन दिवस जंग जंग पछाडलं. चौथ्या दिवशी ते डोकं धरून बसले असताना चौदा वर्षांच्या ताईने तो शर्ट घेतला, टाक आणि शाई घेतली आणि त्या डागाला सहा पाय आणि दोन मिशा काढल्या. खिशाखाली एक जाडजूड भुंगा बसला. वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. मास्तर आले, त्यांनी भुंगा बघितला, आणि ठसका लागेपर्यंत हसले. तोच शर्ट घालून ते शाळेत गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी घरातल्या तीन चादरी पाठवल्या आणि वर निरोप, "मुलीला म्हणावं, डाग तसेच ठेव, वर चित्रं काढ."

तेव्हापासून ती डागाची ताई. नव्या कपड्यांवरही रंगवते, पण तिचा जीव डागात. चहा सांडलेला, गंज लागलेला, इस्त्रीने भाजलेला, असा कपडा आला की तिचे डोळे चमकतात. मात्र वडिलांचा एक नियम तिने आयुष्यभर पाळला. ते म्हणायचे, डाग कसा पडला हे गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, माणसाला लाज वाटते. ताई माणसांना बसवते, वाकवते, हात वर करायला लावते, पण डागाबद्दल अवाक्षर काढत नाही. गुपचूप बघते आणि गुपचूप झाकते. ह्या नियमानेच तिचा घात केला.

गेल्या थंडीत एक बाई आल्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. अंगात पुरुषी बेताचा जुना राखाडी कोट, जाड लोकरीचा, खांद्यांना मोठा. त्यांचे वडील मालगाडीवर गार्ड होते. आता म्हाताऱ्या माणसांच्या निवासात असतात आणि त्यांना फारसं काही आठवत नाही. पण खिडकीतून दूरवर मालगाडी दिसली की डबे मोजतात. "पण ती दिवसाला एकच जाते," बाई म्हणाल्या. "म्हणून म्हटलं, कोटाच्या खालच्या घेरावर डबे काढून घ्यावेत. मी समोर बसले की मोजत बसतील."

"ह्या कोटात तुम्ही काय करता?" ताईने नेहमीचा प्रश्न विचारला.

"काही नाही हो. दर रविवारी त्यांच्यासमोर बसते."

मग ताईने त्यांना खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसून म्हाताऱ्याच्या नजरेने बघितलं, आणि डबे कुठल्या उंचीवर यायला हवेत तिथे खडू फिरवला. तेव्हाच तिला तो डाग दिसला. मलाही दिसला. छातीवर डाव्या बाजूला, अर्ध्या बांगडीएवढा काळपट अर्धगोल. वंगणाचा, जुना, मुरलेला. ताईने माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या. बाई गेल्यावर म्हणाली, "बिचारी, लाजेने बोलली नाही. मी आपली झाकून टाकते, माझ्याकडून भेट." आणि मीही, जो एरवी तीन अडचणी सांगतो तो मी, म्हणालो, "कर की. बरं दिसेल."

तिने त्या अर्धगोलात कंदिलाची कडी बघितली. खाली कंदील काढला, गार्डच्या हातात असतो तसा, काचेत लाल उजेड. डागाच्या रेघेवरून पितळी रंगाची कडी अशी फिरवली की डाग शोधूनही सापडेना. खाली घेरावर एकतीस डबे, प्रत्येक अंगठ्याएवढा, कशात कोळसा, कशात लाकूड, एकात चार मेंढ्या. ताईचं मी तोंडावर कौतुक करत नाही, पण त्या दिवशी मशीन थांबवून उठलो होतो. तिच्या हातून इतकं चांगलं काम क्वचितच झालं असेल.

मंगळवारी बाई कोट न्यायला आल्या. ताईने तो आधी घेराशी उलटा करून दाखवला, मग सुलटा. डबे बघून बाईंनी दोन्ही हात तोंडावर धरले. मेंढ्या बघून हसल्या. आणि मग त्यांची नजर वर गेली.

"इथे एक डाग होता," त्या म्हणाल्या.

"होता ना," ताई खुशीत म्हणाली. "शोधा आता."

बाईंनी कंदिलावर बोट ठेवलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या फक्त.

"मी चार वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "हाच कोट घालून बाबांनी मला रेल्वेच्या यार्डात नेलं होतं. तिथे वंगण सांडलेलं, मी त्यात नाचले आणि मग त्यांच्या खांद्यावर बसले. माझ्या डाव्या बुटाची टाच आहे ती. आता मी गेले की ते म्हणतात, बाई, तुम्ही कोण? दर रविवारी. मग ह्या डागाकडे लक्ष जातं. त्यावर अंगठा फिरवतात आणि म्हणतात, हा तर आमच्या कार्टीचा बूट. मग त्यांना मी कळते. तासभर तरी कळते."

रंग इस्त्रीने पक्का झालेला. तो औषध लावून काढायचा तर लोकर जळाली असती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी ताईकडे बघायचं टाळलं. सेहेचाळीस वर्षांत तिची चूक झालेली मी बघितली नव्हती, आणि खरं सांगतो, अधूनमधून मला ती बघावीशीही वाटली होती. आता समोर आली तर मलाच बघवेना.

"चूक माझी आहे," ताई म्हणाली. सरळ, मान वर ठेवून. "मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही." मग ती माझ्याकडे वळली. "अस्तर उसव."

"कशाला?"

"प्रश्न नको विचारूस. डाव्या छातीकडचं अस्तर उसव."

मी उसवलं. कोटाला ताठपणा देणारा आतला कॅनव्हास सोडवून बाजूला केला. ताईने लोकरीची उलटी बाजू खिडकीच्या उजेडात धरली. आतली लोकर बाहेरच्यापेक्षा ताजी, उन्हाने न विटलेली. त्यावर रंगाचा एक कणही नव्हता. आणि मधोमध तो अर्धगोल, थोडा फिका, पण टाचेची कड अन् कड दिसत होती. वंगण आरपार गेलं होतं. ताईचा रंग गेला नव्हता.

"माझा रंग उलट्या बाजूला जात नाही," ती म्हणाली. त्या दिवशी मी चिडलो नाही. "धाकट्या, कोट उलटव."

कोट उलटवणं म्हणजे काय ते आता कुणाला माहीत नसतं. पूर्वी चांगलं कापड बाहेरून विटलं की शिंपी अख्खा कोट उसवायचा, एकेक तुकडा पालथा करायचा आणि आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. माझ्या उस्तादांनी मला ते एकदा शिकवलं होतं, तीसेक वर्षांपूर्वी. मी तोंड उघडलं आणि तीन अडचणी सांगितल्या. कापड जुनं आहे, शिलाई सुटेल. रविवार पाच दिवसांवर आहे. आणि तिसरी, जी खरी होती, ती बाईंकडे बघून सांगितली.

"कोट पालथा केला की डावा भाग उजवीकडे जातो. काजं उजवीकडे जातील, ते ठीक आहे, बायकांच्या कपड्यांना तशीच असतात. पण डागही उजवीकडे येईल. त्याला इलाज नाही."

बाईंनी कोटाच्या डाव्या बाजूवर हात ठेवला. वडिलांचा अंगठा दर रविवारी डावीकडे जातो. तिथे काही नसलं तर? त्या ताईला विचारत होत्या, मला नाही. "ओळखतील का हो ते?"

एरवी ताई म्हणाली असती, न ओळखायला काय झालं? ह्या वेळी ती म्हणाली, "ते मला माहीत नाही. पण डाग खरा तोच असेल. मी नवा काढून देऊ शकते डावीकडे, हुबेहूब. तो खोटा असेल. तुम्ही सांगा."

"खराच द्या," बाई म्हणाल्या.

मग मी कामाला लागलो. दुकानाचं दार अर्धं लावून घेतलं आणि दुसऱ्या कुणाचं काही हातात घेतलं नाही. एक पँट घेऊन एक गृहस्थ दोनदा आले, दोनदा परत गेले आणि तिसऱ्यांदा त्यांनी माझा उद्धार केला. जुना दोरा ओढला की तुटायचा, म्हणून टाका न् टाका ब्लेडच्या टोकाने सोडवला. ताई समोर बसून दोऱ्याचे तुकडे वेचत होती. मदत करतेय असं तिचं म्हणणं. खरं तर ती माझ्या हातावर पाळत ठेवून होती. "हळू," ती म्हणायची. "हळूच करतोय," मी म्हणायचो. असं शंभर वेळा झालं असेल.

शुक्रवारी दुपारी कोट उभा राहिला. पहिले डबे आणि तो देखणा कंदील आता आतल्या बाजूला गेला होता. मी त्यावर अस्तर चढवलं तेव्हा ताई पाठ फिरवून ब्रश धूत राहिली. मग तिने घेरावर पुन्हा एकतीस डबे काढले, मेंढ्यांसकट, आणि एक रेघ घाईची नाही. रविवारी सकाळी फडकं घालून आतून इस्त्री फिरवली. छातीवर उजव्या बाजूला तिने काहीही काढलं नाही. ब्रश हातात घेऊन ती त्या अर्धगोलापाशी थोडी थांबली होती, मी बघितलं. सवय माणसाला सोडत नाही.

बाई कोट न्यायला आल्या तेव्हा ताईने चपला घातल्या. "मी येतेय. काम अंगावर बघितल्याशिवाय माझं पुरं होत नाही." मला कुणी बोलावलं नव्हतं. खांदा नीट बसतोय का ते बघायला हवं, असं म्हणून मीही निघालो.

निवासातली खोली लहान, उजेडाची. गार्डसाहेब खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते. दाढी केलेली, शर्टाची सगळी बटणं लावलेली. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही दोघं दाराशीच थांबलो.

"बाई, तुम्ही कोण?" ते अदबीने म्हणाले.

बाईंचं रविवारचं ठरलेलं होतं, आधी डाग बोलायचा, मग त्या. म्हाताऱ्याची नजर कोटावर आली. हात उचलला. अंगठा सवयीने डाव्या बाजूला गेला आणि कोऱ्या लोकरीवर फिरला. एकदा फिरला, दोनदा फिरला. मग हात खाली आला आणि ते परत खिडकीबाहेर बघू लागले. ताईने माझं मनगट पकडलं.

बाई हळूच समोरच्या खुर्चीवर बसल्या, ताईने बसवलं होतं तशाच. घेर गुडघ्यांवर पसरला. थोड्या वेळाने गार्डसाहेबांची नजर खाली आली आणि ओठ हलू लागले. बोट पुढे आलं. एक, दोन, तीन. कोळशाचा डबा, लाकडाचा डबा. मेंढ्यांपाशी ते थांबले, वाकून बघितलं, पटल्यासारखी मान हलवली आणि पुढे गेले. सतराव्या डब्यापाशी कोटाची कड आली. ते बोट कडेकडेने वर चढलं, एका काजापाशी आलं, दुसऱ्या काजापाशी आलं. आणि थांबलं.

त्यांनी उजवीकडचा डाग बघितला. मग डावीकडे बघितलं. परत उजवीकडे. कपाळावर आठ्या चढल्या.

"आता ह्या बाजूला पण?"

बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"डावीकडचा तुझ्या आईने घासून घासून आत्ता कुठे काढला," ते गरजले. यार्डात ह्या टोकापासून त्या टोकाला ऐकू जावा असा आवाज होता तो. "आणि लगेच इकडे घाण? कार्टे, खांद्यावर बसताना बूट काढ म्हणून किती वेळा सांगायचं तुला?"

"चुकलं, बाबा," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. माझंही तेच झालं होतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

गार्डसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, एका टोकाला थुंकी लावली आणि डाग पुसायला घेतला. चांगला दाबून, रागारागाने. ताई माझ्या कानाशी कुजबुजली, "पुसू दे. तो नाही जायचा."